धाव चढवणारी घरं

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणं हे एकट्या माणसाचं काम नाही. लोखंडी पट्टीचं कडं चाकाच्या घेरापेक्षा थोडं आखूडच ठेवतात. गोवऱ्यांच्या आगीत ते लालबुंद झालं, की दोघं-तिघं सांडशीत धरून लाकडी चाकावर बसवतात. वरून घण पडत असतो, लाकूड धुमसत असतं, आणि नेमक्या क्षणी कुणाला तरी घागर रिती करावी लागते. क्षणभर उशीर झाला तर चाक जळतं, घाई झाली तर धाव नीट बसत नाही. पाणी पडलं की लोखंड आक्रसतं आणि आरे तुंब्यात घट्ट रुततात. लोहाराच्या घरी या कामाला सगळं घर लागे. बाई भाता ओढायची, हाताशी आलेला मुलगा घण मारायचा, आणि पाण्याची घागर घेऊन उभं राहायची पाळी सगळ्यात धाकट्याची. तो बापाच्या तोंडाकडे बघत राहायचा. बापाची मान हलली, की ओतायचं.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या झाडीपट्टीत वयाची साठी ओलांडलेल्या कित्येकांनी हे लहानपणी पाहिलेलं आहे. घरच्या माणसांनी मिळून वाहन घडवण्याची इथली ही जुनी रीत. अमेरिकेत तिचाच एक भाऊबंद ‘हॉट रॉड’ या नावानं जगभर गाजला.

हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्तात मिळालेली मोटार सोडवायची, नको ते सगळं काढून फेकायचं आणि उरलेल्या सांगाड्यात दमदार इंजिन बसवायचं. फोर्डची ‘मॉडेल टी’ 1908 ते 1927 या काळात दीड कोटींच्या घरात विकली गेली. त्यामुळे 1930 च्या दशकात अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत जुन्या गाड्या पडीक लोखंडाच्या भावात मिळू लागल्या. 1932 मध्ये फोर्डनंच आठ सिलिंडरांचं व्ही-8 इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीत आणलं. त्याची ताकद 65 अश्वशक्ती होती. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण कॅलिफोर्नियाच्या पोरांना तेवढा पुरेसा होता. त्यांनी मडगार्ड काढली, टप उतरवला, बंपर फेकून दिले आणि गाड्या मोहावी वाळवंटातल्या मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेल्या. 1937 मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना बांधली. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्यात यंत्रकाम शिकलेले जवान घरी परतले. मग घरामागचं गॅरेज हाच त्यांचा कारखाना झाला, आणि मदतीला भाऊ, बाप, शेजारी असायचे. जानेवारी 1948 मध्ये या छंदाला वाहिलेलं मासिकसुद्धा निघालं.

वजन कमी करायचं आणि जोर वाढवायचा, एवढंच त्या सगळ्या खटाटोपाचं सूत्र. ते झाडीपट्टीला ऐकून नवं वाटणार नाही. शंकरपटाचा, म्हणजे बैलगाडी शर्यतीचा, छकडा हेच सूत्र पाळून बनतो. शेतमालाची गाडी सहा-सात पोत्यांचं ओझं सोसेल अशी जाडजूड असते. पटाच्या गाडीला मात्र प्रत्येक लाकूड जोखून लावलेलं असतं. साटी नाही, बाजूचे कठडे नाहीत, चाकं हलकी, आणि धुरकऱ्याला जेमतेम बूड टेकायला जागा. सुतार रंधा मारून मारून लाकडाची जाडी उतरवतो. कुठे थांबायचं हे त्याचा हात ठरवतो, कारण आणखी एक पदर काढला तर भर धावेत गाडी मोडायची. दिवसा पट आणि रात्री वडशाच्या मंडळींचं नाटक, ही या भागाची हिवाळ्यातली खरी चैन. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह पुन्हा परवानगी दिली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. मधल्या वर्षांत जोडी विकलेल्या शेतकऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पटाचे छकडे बांधणाऱ्या सुतार-लोहारांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. बैल पुन्हा विकत घेता येतो. सात-आठ वर्षं रंधा न लागलेला हात आणि शेजारी उभं राहून शिकायचं राहून गेलेला मुलगा यांची भरपाई कुठून करणार?

लोखंडाची या मातीला कधीच वाण नव्हती. 1882 साली फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. त्यात चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोहारा गावच्या लोहखनिजाबद्दल लिहिलेलं होतं. टाटांच्या पोलाद कारखान्याचं स्वप्न तिथून सुरू झालं. जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही, म्हणून कारखाना पुढे साकचीला, आजच्या जमशेदपूरला गेला. आता एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून खनिजाचे ट्रक रात्रंदिवस निघतात, चंद्रपूरभोवती कोळशाच्या खाणी आहेत, आणि आलापल्लीच्या सागवानाचा लौकिक देशभर आहे. मोटारीच्या पोलादाला लागणारा कच्चा माल या दोन जिल्ह्यांतून बाहेर जातो आणि तयार गाडी बाहेरून येते.

घरात मोटार घडवण्याची महाराष्ट्रातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाची, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याची. यशवंतराव चव्हाणांचा जन्म याच गावचा. इथले दत्तात्रय लोहार यांचा व्यवसाय आडनावाप्रमाणेच. मुलाला चारचाकी हवी होती आणि शोरूमची किंमत ऐपतीबाहेरची होती. लोहारांनी भंगारातून सुटे भाग जमवले, दुचाकीचं इंजिन घेतलं आणि पत्रा ठोकून जीपच्या रूपाची बुटकी गाडी उभी केली. तिचं स्टिअरिंग डावीकडे आहे आणि ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होते. खर्च सुमारे 60 हजार रुपये. डिसेंबर 2021 मध्ये या गाडीची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो लोहारांच्या दारात आलीसुद्धा. महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या यंत्रणा तिला रस्त्यावर येऊ देणार नाही.

बहुतेकांनी ही गोष्ट बोलेरोपाशी संपवली. खरं तर तिचा गाभा त्याआधीचा आहे. घर ती गाडी द्यायला चटकन राजी नव्हतं, ती आमची पहिली लक्ष्मी, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. यात नवल नाही. दुचाकीचं इंजिन चारचाकीच्या सांगाड्यात बसवायचं म्हणजे काय काय करावं लागतं, ते एकदा नीट पाहावं. त्या इंजिनाला एक चाक साखळीनं फिरवायची सवय. इथे मागची दोन चाकं फिरवायची, आणि वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं याची सोय लावायची. दुचाकीवर वाऱ्यानं थंड होणारं इंजिन बॉनेटखाली कोंडलं की तापतं. स्टिअरिंगचे दांडे दोन्ही बाजूंना सारखे नसले, तर गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाला ओढते. आधी नुसते टाके मारून जोड धरायचा, गुण्या लावून पाहायचा, चुकला तर तोडायचा, पुन्हा धरायचा. घरात हे चालू असतं तेव्हा टॉर्च कोण धरतं, पान्याचा नंबर कोण ओळखतं, ‘जरा डावीकडे झुकलंय’ हे लांबून कुणाला दिसतं, याला महत्त्व येतं. असे महिने काढल्यावर त्या गाडीचा प्रत्येक खिळा घरातल्या कुणाच्या तरी आठवणीत असतो. शोरूमची किल्ली हातात घेताना हे मिळत नाही.

देवराष्ट्र्याच्या कितीतरी आधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः घडवली होती. शिक्षण बेताचं, पण 1949 मध्ये पहिला नमुना तयार झाला, आणि सत्तरच्या दशकापर्यंत ते तिच्यात सुधारणा करत राहिले. कमी खर्चाची, भारतीय रस्त्यांना झेपेल अशी गाडी त्यांना सामान्य माणसाला द्यायची होती. परवाने आणि करांच्या त्या काळात ती कारखान्यापर्यंत पोहोचलीच नाही. अलीकडचं उदाहरण चंद्रपूरच्या शेजारचं आहे. वर्धा नदीपलीकडच्या वणीत एका तरुणानं मित्राला सोबत घेऊन हायड्रोजनवर चालण्यासाठी आखलेली मोटार बांधली, आणि 2023 मध्ये तिच्या बातम्या राज्यभर झळकल्या.

खुद्द चंद्रपूर जिल्ह्यात फेरबांधणीची कला रोज डोळ्यांसमोर असते, फक्त तिला कुणी तसं म्हणत नाही. ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा फाटकावर पहाटे उभ्या असलेल्या जिप्सी पाहाव्यात. मारुतीनं ही गाडी 1985 मध्ये आणली आणि 2019 च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद केली. जंगलात मात्र ती अजून धावते. टप नाही, मागची बाकं पायरीसारखी चढती, धरायला पाइप, पाय टेकायला ठोकलेला पत्रा. बफरमधल्या गावांतले चालक तिचा आवाज ऐकून नेमकं कुठे दुखतंय ते सांगतात. सुटा भाग मिळेनासा झाला की वेल्डर आणि मिस्तरी तो घडवतात. शेजारच्या गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा मुलखात गाडी बिघडली तर कंपनीच्या माणसाची वाट पाहून चालत नाही. त्यामुळे इथल्या चालकाला निम्मा मिस्तरी व्हावंच लागतं.

आता कायद्याचं. या लेखाचा सगळा जीव तिथेच अडकला आहे.

जुनी गाडी जशीच्या तशी जपणाऱ्याला देशानं 2021 मध्ये मान दिला. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी 20 हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. चांगला नियम आहे. पण मूळ रूप बदललं की ती सोय संपली, म्हणजे हॉट रॉड तिथे बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठणकावून सांगितलं. संपूर्ण नवी गाडी बांधायची, तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ती सगळी व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेली आहे. अंगणात एकच गाडी बांधणाऱ्या घरानं तिथे कसं पोहोचायचं?

या नियमांमागची काळजी खोटी नाही. कच्चा जोड भर रस्त्यात सुटला तर त्यात समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचा जीव जातो. ब्रेक हा हौसेचा विषय होऊ शकत नाही. म्हणूनच सरसकट मोकळीक मागणं चुकीचं आहे. मागायची ती तपासणी. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र परीक्षा घेण्याची पद्धत आहे. 1998 मध्ये ती सुरू झाली, आणि 2009 पासून नव्या स्वरूपात चालते. तिथला तपासनीस ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर, आसनपट्टे, अगदी बाहेर आलेली टोकदार कडसुद्धा पाहतो. उतरली तर गाडीला नंबर मिळतो, नाही तर काय सुधारायचं त्याचा कागद हातात पडतो. अमेरिकेतही रस्त्यांवर जीवघेण्या शर्यती होत होत्याच. 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना काढली, नियम लिहिले, पोलिसांशी बोलणी केली आणि त्या पोरांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त धावपट्टीवर नेलं. त्यांचे हात मात्र कुणी बांधून ठेवले नाहीत.

आपल्याकडे चित्रफीत गाजली की कौतुक होतं, हार घातले जातात, मंत्र्यांसोबत छायाचित्र निघतं. नंतर गाडी शेडमध्ये उभी राहते, कारण तिला नंबर नाही. बांधणाऱ्याला कुणी सांगत नाही, की तुझा जोड कुठे कच्चा आहे, तुझा ब्रेक किती अंतरात थांबवतो. त्याला बक्षिसापेक्षा या उत्तराची गरज जास्त आहे. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या गडचिरोलीच्या मुलाला असा परीक्षेचा कागद मिळाला, तर तो आणि त्याचा बाप मिळून पुन्हा बांधायला बसतील, आणि दुसरी गाडी पहिलीपेक्षा नक्की बरी असेल.

केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं आणि राज्याच्या परिवहन खात्यानं घरी बांधलेल्या एकेका वाहनाच्या तपासणीची सोय करावी. गती मर्यादित ठेवा, इंजिनाची ताकद मर्यादित ठेवा, महामार्ग वर्ज्य करा, विमा सक्तीचा करा. पण तपासनिसापर्यंत पोहोचायची वाट उघडी करा. चंद्रपूरची गाडी एमएच-34, गडचिरोलीची एमएच-33. या दोन्ही क्रमांकांची एकेक पाटी घरी घडलेल्या, तपासून पास झालेल्या गाडीवर लागायला हवी, आणि त्यासाठीचा अर्ज भरायला बाप आणि लेक सोबत गेले, तर खिडकीवरच्या माणसानं तो घ्यावा.