तुमची पोरगी कोनत्या शारेत जाते?

सात नोव्हेंबरची सभा होती. १९०० साली याच दिवशी रामजींच्या भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात लागलं. म्हणून हा दिवस आपण पाळतो. चामोर्शीपासून आठ-दहा किलोमीटरवरचं गाव. विहारासमोर सतरंजी. बाया दिवसभर धान कापून आलेल्या.

मी जोरात बोललो. वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची योजना सरकारनं २०२३ साली पुढं आणली, ती समजावून सांगितली. म्हणालो, 'गावची शाळा आपणच मारतो आहोत. पोटाला चिमटा घेऊन पोरं कॉन्व्हेंटात घालतो आणि इथला पट घटवतो.' टाळ्या पडल्या.

मागून एक बाई उठली. हातातला विळा अजून खाली ठेवला नव्हता.

'भाऊ, तुमी सांगता ते बराबर हाये. पन तुमची पोरगी कोनत्या शारेत जाते?'

दोस्तहो, माझी पोरगी कॉन्व्हेंटात जाते. चौथीत आहे. टाय लावून, ऑटोत बसून जाते. मी खरं सांगितलं आणि खाली बसलो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलो. ती शाळा म्हणजे स्वर्ग नव्हता. पाण्याच्या रांजणाला आम्ही हात लावायचा नाही, दुसऱ्या पोरानं वरून ओतायचं, आम्ही ओंजळ धरायची. मास्तर हजेरीत नाव घेताना आडनावावर थांबायचा. आजीजवळ रडलो तर ती म्हणायची, 'शारा सोडू नोको बापू.' ही आजी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घ्यायला गेली होती. डोंग्यानं वैनगंगा ओलांडून, पाठीवर भाकरी बांधून. तिला सही येत नव्हती. पण शाळेवर आपला हक्क आहे, मास्तरच्या मेहेरबानीचा तो प्रश्न नाही, एवढं तिला पक्कं कळलं होतं. पुस्तकपेढीची पुस्तकं, समाजकल्याणचं वसतिगृह, शिष्यवृत्ती, या पायऱ्यांनी मी तालुक्याच्या कचेरीत लिपिक झालो. माझ्या बापाला फीचा एक पैसा लागला नाही.

मग पोरीला तिथं का घातलं नाही? कारण मी घाबरलो. दोन मास्तरांत चार वर्ग, त्यातला एक निवडणुकीच्या नाहीतर कुठल्या मोजणीच्या कामात. कचेरीतल्या सगळ्यांची पोरं कॉन्व्हेंटात. आपली तेवढी मागं राहील, अशी भीती वाटली. आणि आणखी एक गोष्ट, जी मी सभेत कधी बोलणार नाही. गरिबाच्या पोरांत माझी पोरगी बसलेली मला बघवली नसती. ज्या रांगेतून मी आलो त्या रांगेची मलाच लाज वाटली.

वर्षाला बावीस हजार भरतो. त्यात काय मिळालं? पोरगी इंग्रजी धडा धडधड वाचते. अर्थ विचारला की गप्प. तिचा मावसभाऊ जिल्हा परिषदेत चौथीत आहे. तो धानाच्या पोत्यांचा हिशेब तोंडी करतो, इंग्रजीला मात्र अडखळतो. म्हणजे दोन्हीकडे अर्धंच मिळतं. माझ्या अर्ध्याला बावीस हजार पडतात. एक दिवस माझी माय तिला म्हणाली, 'शारेतून आली का वं?' पोरगी म्हणाली, 'आजी, शारा नाही, स्कूल म्हण.' माय हसली. मला हसू आलं नाही. ही लाज तिनं कॉन्व्हेंटात जाऊन शिकली असं मी म्हणणार नाही. ती माझ्याकडूनच घेऊन गेली होती.

कोणी म्हणेल, पंचवीस टक्क्यांचा कोटा आहे ना! आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दिला. पण तो आठवीपर्यंत. नववीत फीचा कागद हातात येतो आणि आधी पोरीचं नाव निघतं. तोही फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं कापायला काढला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला कोटा लागू नाही. जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. कोर्टानं वाचवलं, चांगलं झालं. पण कोट्यानं चार पोरं आत जातात. उरलेली कुठं जातात?

आता घोटकडं बघा. आपल्याच चामोर्शी तालुक्यात घोटला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सरकारी शाळा. सहावीला ऐंशी जागा, राहणं-खाणं-पुस्तकं सरकारची. सरकारी शाळेचं नाव काढलं की नाक मुरडणारे पालक त्या परीक्षेसाठी पोरांच्या शिकवण्या लावतात. म्हणजे सरकारी शाळा वाईटच असते हे खोटं आहे. सरकार जिथं पैसा आणि पूर्ण मास्तर देते तिथं ती चांगली चालते. सगळ्या जिल्ह्यासाठी ऐंशी जागा, आणि वाडीवस्तीला दोन मास्तर. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं: पैसा रयतेच्या घामाचा, शिक्षण वरच्यांना.

खासगी या शब्दाशी माझं भांडण नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादचं कॉलेज. त्याही सरकारी नव्हत्या. पण ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी त्या काढल्या. दुकान आणि चळवळ यातला फरक फीच्या पावतीवर कळतो.

घरी विषय काढला. बायको म्हणाली, 'तुमची चळवळ माझ्या पोरीवर कायले करता? ती नापास झाली तर तुमी सभा घ्यान का?' तिचं चुकलं नाही. तिनं स्वतः सातवीत शाळा सोडली, कारण पुढची शाळा लांब होती.

महिनाभर भांडलो. शेवटी ठरलं ते असं. जूनमध्ये पोरगी चामोर्शीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत जाईल. इंग्रजी मी रोज संध्याकाळी घेईन, तिच्या एकटीचं नाही, मोहल्ल्यातल्या जेवढ्या पोरांना यायचं त्यांचं, विहारात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, कायद्यातच तसं लिहिलं आहे. कॉन्व्हेंटात आम्हाला पावती मिळायची, इथं मास्तर का नाही हे विचारायला खुर्ची मिळेल. त्या खुर्चीवर मी नाही, बायको बसणार. ही तिचीच अट आहे. एका वर्षानं ती हिशेब करणार. पोरगी मागं पडली तर माझं ऐकणार नाही, असं तिनं बजावलं आहे. मी कबूल केलं.

पुढच्या सात नोव्हेंबरला मी त्याच गावात जाणार आहे. ती बाई पुन्हा विचारेल.