नारायणगावच्या परसातले टोमॅटो

पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगर, मंचर मागे पडलं की एसटीच्या खिडकीतून टोमॅटोचे मळे दिसू लागतात. बांबू रोवलेले, तारा ओढलेल्या आणि झाडं सुतळीने वर बांधलेली. गेल्या भाऊबीजेला आम्ही नारायणगावला वन्संकडे निघालो होतो. ते मळे पाहून मी जरा ओशाळलेच. आमच्या गॅलरीतलं झाड छातीइतकं वाढलेलं, पण टोमॅटो एकही नाही! "कोशिंबिरीला कधी मिळणार?" हे ह्यांचं रोजचं चिडवणं.

नारायणगाव म्हणजे टोमॅटोचा मोठा बाजार. हंगामात भरलेल्या क्रेटच्या गाड्यांची नुसती रीघ लागते. वन्संचंही दीड एकर टोमॅटोचंच. पण स्वयंपाकाचा टोमॅटो त्या मागच्या दारी जाऊन तोडतात. तिथे सहा टोमॅटोची झाडं, आठ मिरचीची नि दोन ढोबळी मिरचीची.

"अहो वन्सं, एवढं शेत असताना हे कशाला?" मी विचारलं.

"शेतातला माल बाजाराचा गं," त्या म्हणाल्या. "२०२३ च्या जुलैत शहरात किलोला शंभराच्या वर भाव गेला, तेव्हा घरात एक फळ ठेवणं जिवावर यायचं. आणि एका वर्षी तोडणीची मजुरीसुद्धा सुटेना. माल बांधावर ओतला. तेव्हा आमच्याकडे कुणाला ताटात टोमॅटो बघवत नव्हता. ह्या मिरच्यांचा ठेचा नि भाकरी, यावर ते दिवस काढले. ह्या झाडांना भाव माहीत नाही, म्हणून ती माझी."

मग त्यांनी माझ्या झाडाची चौकशी केली. दर आठवड्याला चमचाभर युरिया घालते म्हटल्यावर हसल्याच. "मग पानंच येणार! शिवाय लावलंस एप्रिलमध्ये. रात्रीही उकाडा राहिला की फूल गळतं."

त्यांनी सांगितलेलं तुमच्यासाठी लिहून ठेवते. रोप पंचवीस-तीस दिवसांचं झालं की लावावं. टोमॅटोचं रोप खालच्या पानांपर्यंत मातीत पुरावं, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. मिरचीचं इतकं खोल नको. कुंडी चांगली मोठी घ्यावी आणि निदान सहा तास ऊन हवं. पानाच्या बगलेतली फूट कोवळी असतानाच खुडावी. फुलं आली की सकाळी काठीला हलकी टिचकी मारावी, म्हणजे पराग झडून फळ धरतं. पाणी नियमित द्यावं, एक दिवस कोरडं नि एक दिवस पूर असं केलं तर फळाचं बूड काळं पडतं. मिरचीची पानं आकसू लागली की पानांची मागची बाजू पाहावी. तिथे बारीक किडे असतात. जास्त आकसलेले शेंडे खुडून टाकावेत आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाचं पाणी फवारावं.

निघताना वन्संनी ओटीबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळलेली चार रोपं दिली.

संक्रांतीच्या सुमारास पहिला टोमॅटो लाल झाला. एकच होता. चार फोडी करून चौघांनी मीठ लावून खाल्ला. ह्यांनी विचारलं, "काय भावाने दिला?"

म्हटलं, "माझ्या झाडाला भाव माहीत नाही."