बर्फ नाही, पण थंडी आहे!

थंडीतलं मराठी प्रेमगीत आठवा बरं! नाही ना पटकन सुचत? आपलं सगळं प्रेम पावसात. भिजलेली ती, एकच छत्री, टपरीवरचा चहा... थंडीच्या वाट्याला फार तर 'गुलाबी' हा शब्द!

जपानमध्ये उलटं. मिका नाकाशिमाचं 'युकी नो हाना' घ्या. म्हणजे 'बर्फाचं फूल'. हे सिंगल ऑक्टोबर २००३ मध्ये आलं. वर्षातला पहिला बर्फ पडतोय आणि आवडता माणूस शेजारी आहे, एवढीच गोष्ट. पण वेड लावलं! २००४ मध्ये पार्क ह्यो-शिननं कोरियन मालिकेसाठी ते गायलं, २०१९ मध्ये त्यावरून सिनेमाही आला.

माझा नवरा नागोयात आहे. ही त्याची तिसरी थंडी. शुक्रवारी रात्री त्यानं हे गाणं पाठवलं. खाली एक ओळ : 'कॉन्ट्रॅक्ट वर्षभर वाढतंय. हो म्हणू?'

मी उत्तर दिलं नाही. मैत्रिणीला उठवलं आणि पहाटे साडेचारला सोलापूर हायवे पकडला. गाडीत तेच गाणं, रिपीटवर.

पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर भिगवण. तिथून आत कुंभारगाव, इंदापूर तालुका. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी इथवर पसरलं. सूर्य वर यायच्या आत होडीत बसा. स्वेटर, कानटोपी मस्ट! पाण्यावर धुकं, त्यात गुलाबी रेघ. जवळ गेलं की कळतं, ते रोहित आहेत. फ्लेमिंगो हो!

"ते बघा ताई, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या," नावाडी म्हणाला. "पट्टकादंब. हिमालय वलांडून आल्यात." मग वल्हं थांबवून सहज म्हणाला, "आमच्या आज्याचं घर हितंच, खाली पाण्यात." तिबेट-मंगोलियाकडचे पाहुणे त्याच्या आज्याच्या अंगणावर पोहत होते. मी गाणं बंद केलं.

गावात चुलीवरची चिलापी आणि भाकरी हाणून बारामतीकडे निघालो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर... हा सगळा साखर कारखान्यांचा पट्टा. थंडी म्हणजे इथे गळीत हंगाम. रस्त्यात उसाच्या गाड्या, कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या. एका फडाशेजारी पाणी प्यायला थांबलो. एक जोडपं मोळ्या बांधत होतं. बीडकडचं.

"किती कोयते आलेत?" मैत्रिणीनं विचारलं.

"धा," ती बाई म्हणाली. "नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटीला कोन उचल देतंय?"

"आणि मुलं?"

"आजीकडं. दिवाळीपासनं बघितली न्हाईत." तिनं मोळी उचलली, त्यानं ती तिच्या डोक्यावर नीट बसवून दिली. बस्स. परत कामाला.

यात रोमँटिक काही नाही, कबूल. मुकादमाची उचल फेडायची म्हणून ते सोबत आहेत. आम्ही दोघं मात्र कुणाची उचल नसताना तीन थंड्या वेगळे काढतोय, फ्लॅटच्या हप्त्यांसाठी. त्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते.

बारामतीत चहा सांगितला. साडेअकरा, म्हणजे नागोयात दुपारचे तीन. फोन लावला.

"नाही म्हण," मी म्हटलं.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "हप्ते?"

"बघू. मार्चमध्ये ये. तुला पट्टकादंब दाखवायचेत."

"मार्चपर्यंत थांबतील ते?"

"नसतील बहुतेक. पण पुढच्या थंडीत येतातच ना परत. तेव्हा बघू. दोघं."