भोकाचा पाव

आमच्या मरोळला संध्याकाळचे साडेचार वाजले हे कळायला घड्याळ लागत नाही. बेकरीतून पहिली लादी निघाली, की तिचा वास गल्लीतून चालत येतो, जिना चढतो आणि दुसऱ्या मजल्यावर बेल न वाजवता घरात शिरतो. मग आमची ही स्वयंपाकघरातून म्हणते, "जा." बस्स, एवढंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी हेच वाक्य 'जरा जाऊन येता का हो?' असं होतं. आटत आटत एका अक्षरावर आलं आहे.

माझ्या आजीच्या घरात पावाला बंदी होती. पायाने मळतात म्हणून पाव, अशी तिची व्युत्पत्ती. शाळेत मास्तरांनी सांगितलं, की हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. मी धावत जाऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "पोर्तुगीज? मग पायाने मळलेला बरा!" विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालं की अख्खं गाव बाटतं, ही गोष्ट तिने मला इतक्यांदा ऐकवली होती, की पुढे कित्येक वर्षं पाव चहात बुडवताना मी आधी इकडेतिकडे बघून घेत असे.

बेकरीचे मालक चाचा. मूळचे उत्तर प्रदेशातले, पण मरोळमध्ये माझ्याहून जुने. डोक्यावरून एक मेट्रो गेली २०१४ साली आणि पायाखालून दुसरी गेली २०२४ साली, मध्ये चाचा होते तिथेच आहेत. त्यांच्या रांगेत गावठाणातल्या ईस्ट इंडियन बाया, रिक्षावाले, वडापाववाल्याचा पोऱ्या आणि काचेच्या हाफिसांतली गळ्यात पट्टा घातलेली मुलं असे सगळे एका पिशवीमागे एक उभे असतात. अशाच एका पट्टेवाल्याने एकदा ब्राऊन ब्रेड मागितला. चाचांनी शांतपणे त्याच्या हातावर ब्रून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तरातरा आला. आम्हाला वाटलं, दात दाखवायला आला. तर म्हणाला, "कालचे ते दगड अजून दोन द्या."

अशा सुखाच्या संसारात २०२४च्या डिसेंबरात न्यू जर्सीहून माझा पुतण्या आला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांकडे बघत म्हणाला, "काका, इथे बेगल कुठे मिळतो?" बेगल म्हणजे मधोमध भोक असलेला पाव. मूळ पोलंडातल्या ज्यूंचा. क्राकोच्या ज्यूंच्या १६१०च्या नियमांत बाळंतपणाच्या संदर्भात त्याचं नाव येतं म्हणे. म्हणजे त्यांचा डिंकाचा लाडूच म्हणायचा. हे सगळं पुतण्याने मला सांगितलं आणि मी, काका असल्यामुळे, "त्यात काय? आमचे चाचा करून देतील," असं बोलून बसलो.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"छेद काय को?"

"असाच असतो तो."

"छेद का पैसा कौन देगा?"

मी देईन म्हटलं. मग मी त्यांना खरी बातमी सांगितली, की भट्टीत घालण्यापूर्वी तो उकळत्या पाण्यात सोडावा लागतो. चाचांनी गल्ला बंद केला. "पाव को पानी में डालेंगे?" माझी आजी आणि चाचा यांचं जन्मात कधी एकमत झालं असतं, तर ते या प्रश्नावर.

तरी चार दिवसांनी त्यांनी केलं. चहाच्या मोठ्या टोपात कारागिराने मेदुवड्यासारखे गोळे सोडले. काही बुडाले ते वर आलेच नाहीत. जे आले ते भट्टीत गेले आणि बाहेर पडले तेव्हा त्यांनी खिळा ठोकता आला असता. मी एक हातात घेऊन पुतण्याला काय सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात रांगेतल्या गोव्याच्या एका मावशी ओरडल्या, "अरे देवा, काकण!"

गोव्यात पोदेराकडे बांगडीसारखा गोल, कडक पाव मिळतो, त्याला काकण म्हणतात. मावशींनी ते सगळे घेतले, भोकांसकट. एक तिथेच कडाडकन मोडला, आमच्याकडे पाठ केली आणि खाल्ला. नंतर डोळे पुसत म्हणाल्या, "चहा पाहिजे होता." पुतण्या न्यू जर्सीला बेगल न खाताच गेला, पण जाताना खारीचे दोन डबे घेऊन.

आणि जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला. लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद, गॅस नाहीतर वीज. चाचा कागद घडी घालून गल्ल्यात ठेवायचे आणि दर गिऱ्हाइकागणिक काढून बघायचे. आम्ही रांगेत खूप तावातावाने बोललो, की भट्टीशिवाय पावाला चव ती काय! खरं सांगायचं तर आमच्या इमारतीतले निम्मे लोक त्या धुराने खोकत असतात, आणि त्यात मीही आहे. त्या भट्टीत साधं सरपण कुठे जायचं? मोडकं फर्निचर जायचं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं कपाट मी भंगारवाल्याला दिलं, तेव्हा पुढचा आठवडाभर हिने पाव तोंडात घालताना माझ्याकडे संशयाने पाहिलं. पण हे रांगेत बोलायची छाती कुणाला?

"बेटा बोलता है, दुकान बेच दो," एका संध्याकाळी चाचा सुट्टे देता देता म्हणाले. मी पावाची पिशवी घेतली आणि घरी आलो. हिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." त्या दिवशी पाव गार होईपर्यंत तसाच राहिला.

पावसाळ्यात बेकरी काही दिवस बंद होती. साडेचार वाजायचे, पण कळायचं नाही. हिने दोनदा सवयीने "जा" म्हटलं आणि मी दोनदा पिशवी घेऊन जिना उतरलोसुद्धा. मग एके दिवशी वास आला. जरा बारीक, पण आला. बेकरीत नवीन गॅसची भट्टी, स्टीलची, चकचकीत. चाचा तिच्यापुढे नव्या सुनेपुढे बसल्यासारखे अवघडून बसले होते. पहिला पाव त्यांनी माझ्या हातावर ठेवला. अख्खी रांग गप्प.

"कैसा है?"

मी चावला. वरचा पापुद्रा पूर्वीसारखा करपट नव्हता. धूर नव्हता. माझं कपाट नव्हतं. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गरम है," मी म्हटलं.

"वो तो है," चाचा म्हणाले. मग मागे वळून कारागिराला ओरडले, "टोप चढाव रे! मौसी का बारा छेदवाला है."