नऊ धावांची माया

पुण्यात पूना क्लबच्या मैदानावरून जाताना माझी पावले हटकून रेंगाळतात. क्रिकेटमधला मी काही दर्दी नव्हे. महाराष्ट्र संघाचा धावफलक तेवढा आवर्जून पाहतो. देवधरांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये याच मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊच उणे! पण काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना कसोटीतही कधी संधी मिळाली नाही. मुंबईकर स्नेही आपले करंडक मोजू लागले, की मी मुकाट ऐकतो. विजयाचा अभिमान कोणीही बाळगील. गावच्या संघावरची माया मात्र त्या राहून गेलेल्या नऊ धावांनीच घट्ट होते.