धरणाचं सस्पेन्स अकाउंट

स्प्रिंग आणि डॅशपॉट यांतला फरक मला बी. कॉम. असल्यामुळे चटकन कळला. स्प्रिंग म्हणजे बिनव्याजी ठेव. घालाल तेवढं परत. डॅशपॉट म्हणजे मेव्हण्याला दिलेले उसने पैसे. गेले ते गेले, वर नुसती उष्णता!

ही विद्या मला मरोळच्या आमच्या शेजाऱ्यांच्या चिरंजीवांकडून मिळाली. हा मुलगा सीप्झमध्ये दिवसभर कॉम्प्युटरवर पूल आणि धरणं हलवतो, आणि त्याचा पगार घेतो.

"काका, तेल भरलेलं नळकांडं, आत दट्ट्या. रिक्षाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर तोच. वेग दुप्पट, तर विरोध दुप्पट. हळू ढकला, निमूट सरकतो."

म्हटलं, बाळा, आमचं काउंटर याच तत्त्वावर चालतं. ज्याला गाडी पकडायची घाई, त्याचीच सही नेमकी जुळत नाही.

कॉम्प्युटरवर मात्र ना तेल, ना नळकांडं. दोन बिंदूंमध्ये रेघ ओढायची आणि एक आकडा लिहायचा.

"हा आकडा आणतोस कुठून?"

चिरंजीव घुटमळले. विकतचा डॅशपॉट असेल तर कारखानदार आकडा देतो. पण धरणात? तिथे सांधे घासतात, काँक्रीट आतल्या आत कुरकुरतं, धक्क्याची काही शक्ती खडकात जाते, काही पाण्यात. कशाचंच व्हाउचर नाही. मग सगळ्यांचा मिळून एक आकडा धरायचा. आम्ही याला सस्पेन्स अकाउंट म्हणतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला, मागचा उतार जिथे बदलतो तिथे भेगा पडल्या. धरण उभं राहिलं. पुढे त्याला टेकू दिले. धक्क्याची नोंद धरणातल्या यंत्रानं केली होती, म्हणून आजही जगभरचे इंजिनिअर आपलं गणित कोयनेवर तपासतात. पडद्यावर भेग तिथेच पडली पाहिजे! अबॅकस या सॉफ्टवेअरच्या उदाहरणात हा आकडा ३ टक्के आहे. म्हणजे झोका मुळीच येऊ नये यासाठी जेवढा विरोध लागेल, त्याच्या ३ टक्के.

"आणि १० धरले तर?"

"धरण कमी हलतं, काका. भेग कदाचित दिसणारही नाही."

सस्पेन्समध्ये हवी तेवढी रक्कम ढकलली की कुठलाही ताळेबंद जुळतो, हे का मला ठाऊक नाही? फरक एवढाच, आमचा ऑडिटर कळवून येतो आणि चहा घेतो. धरणाचा ऑडिटर पहाटे येतो, न कळवता.