क्रॉमफर्ड ते डर्बी : एका सायकलीची पाठवणी

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बी शहरापासून मॅटलॉकपर्यंत, डर्वेंट नदीच्या काठाकाठाने एक छोटी आगगाडी जाते. ऑगस्टच्या मध्यावर, पर्युषण पर्व अगदी जवळ आले असताना, एका शनिवारी सकाळी या गाडीतून क्रॉमफर्डच्या फलाटावर एक वृद्ध गृहस्थ उतरले. वय चौऱ्याहत्तर, मूळ गाव सोलापूर, वास्तव्य लेस्टर. सोबत सामान म्हणावे असे काही नव्हते. एक गर्द निळ्या रंगाची सायकल होती, आणि ती घरी परत न्यायची नव्हती. दुपारी एक वाजता डर्बीत ग्राहक थांबणार होता. लेस्टरहून डर्बी आगगाडीने अवघ्या अर्ध्या तासावर आहे. सायकल तेथेच उतरवून देता आली असती. परंतु आधी क्रॉमफर्डपर्यंत वर जायचे आणि तेथून नदीच्या प्रवाहाबरोबर सुमारे पंचवीस किलोमीटर खाली यायचे, असे त्यांनी ठरविले होते. हा मार्ग त्यांनी या सायकलीवरून किती वेळा केला, याची नोंद त्यांच्यासारख्या हिशेबी माणसानेही ठेवलेली नाही.

क्रॉमफर्ड हे वस्त्रव्यवसायातील माणसाने एकदा तरी पाहावे असे गाव आहे. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी येथे उभारली, आणि घरोघरचे चरखे एका छपराखाली, एका घंटेच्या तालावर फिरू लागले. गिरणी डर्वेंटच्या काठी असली तरी तिचे चाक डर्वेंटच्या पाण्यावर फिरत नसे. एक ओढा आणि शिशाच्या खाणीतून निघणाऱ्या पाण्याचा पाट, असे दोन प्रवाह आर्कराइटने वापरले. खाणीचे पाणी किंचित कोमट असल्याने ते हिवाळ्यातही गोठत नसे. जागेची निवड ही व्यापारातील पहिली गुंतवणूक असते, असे म्हणतात ते येथे पटते. आज या खोऱ्यातील गिरण्या जागतिक वारसास्थळ आहेत. २००१ मध्ये त्यांना हा मान मिळाला. सोलापूरच्या जुन्या मिलच्या भोंग्यावर ज्यांचे बालपण गेले, त्या गृहस्थांना १९७२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लेस्टरच्या पॉलिटेक्निकमध्ये होजिअरीचे शिक्षण घेताना या गावाचे नाव प्रथम ऐकू आले. प्रत्यक्ष येणे मात्र सायकल झाल्यावरच घडले.

ती सायकल दुकानातून उचलून आणलेली नव्हती. डर्बीत मर्शियन नावाचा कारखाना १९४६ पासून हाताने फ्रेम घडवीत आला आहे. १९७८ मध्ये वर्षभराची बचत घेऊन हे गृहस्थ तेथे गेले, तेव्हा शिंप्याने माप घ्यावे तसे त्यांच्या पायाचे, हाताचे, धडाचे माप घेतले गेले. नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या, ५३१ या क्रमांकाच्या. मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेले हे पोलाद १९३५ मध्ये बाजारात आले. नळीची जाडी टोकांना अधिक आणि मध्ये कमी ठेवलेली असते, कारण ताण सांध्यापाशी येतो. मधला भाग पातळ असला तरी चालतो, आणि तेवढे वजन वाचते. अशा नळ्या पोलादी सांध्यांत बसवून उघड्या भट्टीवर तापवितात. पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी पितळ वितळते. ते सांध्याच्या फटीत शोषले जाते आणि थंड झाले की नळी व सांधा एकजीव होतात. त्यानंतर कारागीर कानशीने सांध्यांच्या कडा इतक्या बारीक करतो की बोट फिरविले तर पायरी लागू नये. सोन्याचांदीच्या पेढीवर बसलेल्यांना हे काम परके वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र त्या मापात बसेना. अशा सायकलीला इंग्लंडमध्ये चामड्याची सीट लावण्याची रीत होती; ती वर्षानुवर्षे वापरून स्वाराच्या अंगासारखी होते, असे तिचे कौतुक. गृहस्थांनी नकार दिला. त्यांनी नायलॉनच्या कवचाची इटालियन सीट मागवून घेतली. ती कडक होती, उन्हाळ्यात घसरत होती, आणि अंगासारखी कधी झाली नाही. हँडलवरची पट्टीही सुताची. पुढे चाके दोनदा नवी बांधली, साखळ्या किती बदलल्या ते सांगता येत नाही. फ्रेम आणि सीट तेवढी मूळची राहिली.

मग विकण्याचा प्रसंग का आला? लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, त्यांच्या पॉलिटेक्निकच्या शेजारीच, एक जुने ख्रिस्ती प्रार्थनागृह होते. समाजाने ते घेतले, दर्शनी भाग शुभ्र संगमरवराने मढविला, आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी आणि श्रीमद् राजचंद्रांचे अनुयायी, अशा सर्वांची सोय तेथे आहे. रंगीत काचांवर भगवान महावीरांच्या जीवनातील प्रसंग आहेत. मुनिमहाराज वाहनाने प्रवास करीत नाहीत, म्हणून सातासमुद्रापार त्यांचा योग दुर्मीळ. त्यामुळे या गृहस्थांनी त्या वर्षी प्रतिमेसमोर स्वतःच परिग्रह-परिमाण व्रत घेतले आणि एका वहीत सदरे पाडली. ‘वाहन’ या सदरात लिहिले : एक. ते एक म्हणजे ही सायकल. होजिअरीच्या दुकानाची व्हॅन होती, परंतु ती कंपनीच्या नावावर असल्याने वहीत आली नाही. अशी वजावट व्यापाऱ्यालाच सुचते.

दुकान बंद झाले, व्हॅन गेली. गेल्या वर्षी पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि बसचा प्रवास त्यांना जमेना. एक लहान मोटार घेणे भाग पडले. वाहने दोन झाली. मुलगा म्हणाला, “बाबा, सायकल माझ्या नावावर करा. राहील इथेच, गॅरेजमध्ये. तुम्हाला वाटेल तेव्हा बाहेर काढा.” सल्ला सोयीचा होता, कायदेशीरही होता. गृहस्थ दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “व्हॅनच्या वेळी मी हेच केलं. वीस वर्षं वहीत एकच लिहिलं आणि चालवली दोन वाहनं.” आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूकडे नव्हे, मूर्च्छेकडे बोट दाखविले आहे. ती मूर्च्छा गॅरेजमध्ये राहून फक्त मालकाचे नाव बदलले, तर हिशेब जुळतो खरा, पण तो फक्त कागदावरचा.

मित्रांचा सल्ला निराळा होता. २०२४ च्या मे महिन्यात मर्शियनने काम थांबविल्याची बातमी आली, तेव्हा जुन्या फ्रेमचा भाव चढेल, थांबा, असे ते म्हणाले. पुढे त्याच वर्षी स्थानिक सायकलप्रेमींनी कारखाना विकत घेतला आणि तो पुन्हा सुरू झाला. गृहस्थांनी मात्र भाव पाहून थांबणे हेही बाळगणेच मानले. त्यांनी ५५० पौंड किंमत सांगितली. ती वाजवी होती, मोहाची नव्हती.

क्रॉमफर्ड सोडल्यावर रस्ता नदीला धरून उतरतो. डाव्या-उजव्या हाताला दाट झाडीचे डोंगर, खाली नदी, कालवा, लोहमार्ग आणि रस्ता अशा चार वाटा अरुंद खोऱ्यात एकमेकींना खेटून चाललेल्या. चढ फारसे नाहीत. तरीही अँबरगेटपाशी ते पाच मिनिटे थांबले. श्वास लागला होता. बेल्परला स्ट्रट घराण्याची उत्तर गिरणी आहे. आधीची गिरणी आगीत भस्मसात झाल्यावर १८०४ मध्ये तिची पुनर्बांधणी करताना लाकडाऐवजी लोखंडी खांब आणि तुळया वापरल्या. पुढच्या उंच इमारतींच्या सांगाड्याचे मूळ अशा गिरण्यांत शोधले जाते. शेजारी नालेच्या आकाराचा बंधारा आहे. येथे ते नेहमी पाणी पीत. त्या दिवशीही प्यायले, बाटली धुऊन पिशवीत ठेवली, आणि मिलफर्ड, डफील्ड मागे टाकून पाऊण वाजता डर्बीत पोहोचले.

भेटीची जागा ग्राहकाने सुचविली होती : नदीकाठच्या सिल्क मिलचे आवार, जेथे २०२१ पासून कारागिरीचे संग्रहालय आहे. लोंब बंधूंची १७२१ ची ही रेशीम गिरणी इंग्लंडमधील पहिल्या कारखान्यांपैकी एक मानली जाते. रेशमाच्या एका धाग्यामागे किती किडे उकळत्या पाण्यात जातात, हे ठाऊक असलेल्या माणसासाठी ही जागा थोडी विचित्रच; पण ते हसून कुंपणाशी उभे राहिले.

ग्राहक तरुण होता, शहरातल्या विमान-इंजिनांच्या कारखान्यात अभियंता. त्याने सायकल उलटी करून फ्रेमवरचा क्रमांक पाहिला, नळ्यांवर बोटे फिरविली. मागच्या उजव्या नळीला २००३ साली पडल्यामुळे आलेला पोचा होता. रंगाखाली तो सहज दिसत नसे. तो गृहस्थांनी आपणहून दाखविला. तरुण म्हणाला, “एवढं ठीक आहे. पण मूळची कातडी सीट असती, तर किंमत पूर्ण दिली असती.”

“ती कधी नव्हतीच.”

घासाघीस फार झाली नाही. ५१० वर सौदा ठरला आणि रक्कम तेथल्या तेथे फोनवरून खात्यात आली. पुढे ती मोटारीच्या विम्याच्या हप्त्यात गेली; तिचे दान वगैरे झाले नाही.

तरुणाने पिशवीतून आपली तपकिरी चामड्याची सीट काढली, ती तेथेच बसवून सायकल चालवीत घरी जाण्यासाठी. गृहस्थांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, “माझी मी काढून देतो. तुमची तुम्ही, मी गेल्यावर बसवा.” त्यांनी स्वतःच्या पान्याने बोल्ट सैल केला, सत्तेचाळीस वर्षांची गुळगुळीत झालेली नायलॉनची सीट काढून बाटलीशेजारी ठेवली, पाना तरुणाच्या हातात दिला आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागले. पुलावरून मागे वळून पाहिले की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलेले नाही.

लेस्टर स्थानकाबाहेर पत्नी मोटारीत वाट पाहत होत्या. मुलगा चालवत होता. पिशवीतून डोकावणारे सीटचे टोक त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

“अहो, ही परत का आणलीत? आता ही वहीत कोणत्या सदरात लिहिणार?”

गृहस्थांनी उत्तर दिले नाही. सीट मांडीवर घेऊन त्यांनी पट्टा बांधला, आणि मुलाला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून गाडी घ्यायला सांगितले.